सुपारी

गुलमंडीवरच्या सुपारी हनुमानाला हात जोडून आमचा एक मित्र पीएचडीच्या प्रबंधाची सुपारी द्यायला निघाला. म्हणजे संपादक गाठायला. सोबत मी.

‘‘तपासायचाय की लिहायचाय?’’ गृहस्थांनी चहा सांगता सांगता विचारलं.

‘‘नुसती भाषा बघा हो.’’

‘‘भाषेचे पानावर पैसे. विचार दुरुस्त करायचे तर वेगळे. मुळात नसतीलच, तर आत्ताच सांगा. तसा हिशेब धरतो.’’

२०१८च्या यूजीसी नियमांनुसार मजकुराचं साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. ४०पर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा सादर करायचं, ६०च्या वर नोंदणीच रद्द. तेव्हापासून संपादन म्हणजे धड वाक्य ओळखू येणार नाही इतकं बिघडवणं. ‘दुष्काळामुळे शेतकरी स्थलांतर करतात’ याचं ‘पर्जन्याभावजन्य परिस्थितीत कृषकवर्ग स्थानबदल अंगीकारतो’ झालं. टक्का उतरला. गाईडसरांनी तर शेरा मारला : भाषा आता संशोधनाची वाटते!

गंमत म्हणजे आभाराची पानं या मोजणीतून वगळलेली आहेत. मित्रानं ती एका जुन्या प्रबंधातून जशीच्या तशी उचलली. बायकोचं नाव तेवढं बदललं (तेही दुसऱ्या प्रुफाला). संपादकाचं नाव मात्र कुठंच नाही.

‘‘वाईट नाही वाटत?’’ मी विचारलं.

‘‘छे हो,’’ ते नोटा मोजत म्हणाले, ‘‘सुपारी घेणाऱ्याचं नाव कुणी छापतं का?’’