शेत जागेवर, शेतकरी गहाळ

२०२१ साली ई-पीक पाहणी आली. आपलं धान आपणच बांधावरून मोबाइलात टिपायचं. जागा कुठली, ते मोबाइल सांगणार. त्याला हवेत किमान चार उपग्रह, २०,००० किलोमीटर वरचे. आड येतं डोक्यावरचं मोहाचं झाड! मग मोबाइल टॉवरला विचारतो. सीमेवरच्या सालेकसा-देवरीकडे तो टॉवर छत्तीसगडचाही असू शकतो. इकडे गडी पोटरीभर चिखलात रुतलेला, हात आभाळाकडे, आणि निळा ठिपका शेजाऱ्याच्या बांधीत बसलेला. आजा गेला, बाप गेला, बांध हलला नाही. आता मालकच हलतोय. यापेक्षा बांध कोरणारे भाऊबंद परवडले. ते निदान रात्री कोरायचे, भरदुपारी नाही!