नेऊन आणलं

मराठीत प्रवासाची तीन क्रियापदं आहेत. नवरा-बायको 'जातात', मुलं 'येतात' आणि आईबाबांना 'नेतात'. छत्री नेतात, डबा नेतात, थर्मास नेतात, तसेच आईबाबा. "यंदा आईबाबांना अंदमानला नेतोय," हे वाक्य मी सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आणि बायकोच्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळून चाळीसेक वेळा तरी उच्चारलं असेल. दर वेळी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत ओलसर आदर तरळायचा. श्रावणबाळाला बिचाऱ्याला हे सुख मिळालं नाही. खांद्यावर कावड, दोन्ही हात अडकलेले. स्टेटस टाकणार कसं?

आमच्या कावडीच्या एका पारड्यात आई (वय बहात्तर, गुडघे) आणि दुसऱ्या पारड्यात बाबा (वय अठ्ठ्याहत्तर, मतं). खर्चाचं म्हणाल, तर बाबांची एक एफडी नाहीतरी मुदत संपून पडलीच होती. ज्येष्ठ नागरिकांना व्याज थोडं जास्त देतात ते कशासाठी? त्यांना कुणालातरी नेता यावं म्हणूनच.

"समुद्र बघायला समुद्र ओलांडून जायचं?" बाबांनी विचारलं. "गुहागरचा काय आटलाय?"

मी त्यांना समजावलं, की अंदमान म्हणजे निवांतपणा. चेन्नईपासून सुमारे बाराशे किलोमीटर, भर समुद्रात. ना गर्दी, ना हॉर्न, ना कुणाची कटकट. एके काळी इंग्रज सरकार माणसांना बेड्या घालून तिथे पाठवायचं. आता आपण आठ महिने आधी पैसे भरून जातो.

"तेव्हा जाण्याचा खर्च सरकार करायचं," बाबा म्हणाले आणि एफडीच्या पावतीवर सही केली.

आईने सामान अगदी मोजकं घेतलं. मेतकूट, लसणीची चटणी, थालीपिठाची भाजणी, भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट, सुंठीची डबी आणि सोमवार ते रविवार असे कप्पे असलेली गोळ्यांची पेटी. "आई, रिसॉर्टमध्ये बुफे असतो. तीस-चाळीस पदार्थ," मी म्हणालो. "असू दे. त्यात खायचं काही नसलं तर?" बाबांच्या बॅगेत सगळ्यांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्सचे सहा संच, तिकिटांचे प्रिंट आणि पाकिटात घडी न पडलेली एक जुनी, तांबूस वीस रुपयांची नोट. तिचं काम पुढे येईल.

आता निवांतपणाचा कार्यक्रम. माझा बेत पक्का होता : सकाळी नऊपर्यंत लोळणं, दुपारी पोहणं, सातला सूर्यास्त, दहाला जेवण. या बेताला सूर्याने मंजुरी दिली नाही. आपली घड्याळं चालतात साडेब्याऐंशी रेखांशावर आणि अंदमान बसलंय त्याच्या दहा अंश पूर्वेला. अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथे घड्याळाच्या चाळीस मिनिटं पुढे धावतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य शटर ओढून घरी जातो. सहाला मिट्ट काळोख. त्यामुळे बोटी पहाटे, सहली पहाटे आणि नाश्ता पुठ्ठ्याच्या खोक्यात.

म्हणजे कसं? साडेचारला उठायचं, साडेसहाला पोटात काहीतरी, बाराला जेवण, सहाला दिवेलागण, सातला पानं घेतली, साडेआठला अंथरूण. हे वेळापत्रक बाबा आमच्या घरात चाळीस वर्षं सांगत आले आणि आम्ही त्याला म्हातारपण म्हणत आलो. इथे अख्खा केंद्रशासित प्रदेश बाबांच्या वेळेवर चालत होता. पहिल्या बोटीच्या दिवशी पावणेपाचला लॉबीत उतरलो, तर दोघं आंघोळ करून, गंध लावून सोफ्यावर बसलेले. आम्ही एकेक झोपलेलं मूल खांद्यावर टाकून, उलटा टी-शर्ट घालून आलो. जेट्टीवर माझ्या मोबाइलला रेंज मिळेना, तिकीट उघडेना. बाबांनी न बोलता बॅगेची चेन ओढली. प्रिंट बाहेर आले. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांनी तोंडाने नाही, चेन लावण्याच्या आवाजातून उच्चारलं.

बोट निघाली हॅवलॉकला. म्हणजे स्वराज द्वीपला. डिसेंबर २०१८ मध्ये नाव बदललं. हॅवलॉक हा १८५७चं बंड मोडणारा इंग्रज सेनापती, शेजारचं नील बेट त्याच लढाईतल्या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचं. तेही आता शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्रीविजयपुरम. बाबा हे सगळं पाठ करून आले होते आणि पर्यटकांकडून त्याची अंमलबजावणी करून घेणं ही आपलीच जबाबदारी असल्यासारखे वागत होते. बोटीवरचा पोऱ्या "हॅवलॉक, हॅवलॉक!" असं ओरडला, की बाबा "स्वराज द्वीप!" अशी दुरुस्ती करत. पोऱ्या म्हणे, "हाँ अंकल, वही. हॅवलॉक." शेवटी आईने निकाल दिला. "माझंही नाव लग्नात बदललंच की. कागदावर नवीन असतं. माहेरची माणसं जुन्यानेच हाक मारतात. त्यात चिडायचं काय?" यानंतर बोटीत नामांतराच्या विषयावर शांतता पसरली.

स्वराज द्वीपवरच्या राधानगर किनाऱ्याला 'टाइम' साप्ताहिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं होतं. पांढरी वाळू, मागे उंच झाडांचं रान, समोर पाण्याच्या निळ्या-हिरव्या इतक्या छटा, की पैठणीवाल्यांनी वही घेऊन यावं. अशा ठिकाणी माणूस काय करतो? फोटो काढतो. मला हवा होता तो ठरावीक फोटो : आईबाबा पाठमोरे, हातात हात, पुढे मावळतीचा सूर्य.

"हात धरा," मी ओरडलो.

"पन्नास वर्षांत धरला नाही तो आता वाळूत कशाला?" आई.

"धर गं, नाहीतर जेवायला उशीर होईल," बाबा.

चौथ्या प्रयत्नात फोटो जमला. 'आईबाबा हेच माझं तीर्थ' असं लिहून टाकला आणि रेंज कुठे मिळते ते शोधत ओल्या वाळूत उत्तर-दक्षिण फिरू लागलो. एकशे बारा जणांनी पसंती दिल्यावर मान वर केली. सूर्य गेला होता. "केवढा सुंदर होता रे," आई म्हणाली, "तुला हाक मारली मी."

दुसऱ्या दिवशी स्कुबा. आईबाबांना पाणी झेपणार नाही म्हणून त्यांना झाडाच्या सावलीत बसवलं. सोबतीला आमची दोन मुलं, चार मोबाइल, पाच जोड चपला आणि ओले टॉवेल. याला ज्येष्ठांची विश्रांती म्हणतात. सौभाग्यवती आणि मी पाठीवर टाक्या बांधून समुद्रात शिरलो. खाली प्रवाळ होतं, पट्ट्यापट्ट्यांचे मासे होते आणि समोर कॅमेरा होता. कॅमेरा दिसताच सवयीने अंगठा वर केला. पाण्याखालच्या भाषेत अंगठा वर म्हणजे 'झकास' नव्हे, 'मला वर न्या', हे शिकवलं तेव्हा मी ऑफिसचा मेल वाचत होतो. प्रशिक्षकाने आज्ञाधारकपणे मला वर आणलं. पुन्हा खाली गेलो. फोटो काढताना पुन्हा अंगठा. पुन्हा वर. भरलेल्या पैशांत मी समुद्राचा तळ कमी आणि लिफ्ट जास्त अनुभवली.

किनाऱ्यावर परतलो तर आईचं दुकान मांडलेलं. म्हणजे दुकान एका बंगाली बाईचं, शहाळ्यांचं; पण आई आतल्या बाजूला बसलेली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटांवर जमिनी दिल्या. या बाईचे सासरे त्यातलेच. जंगल तोडून त्यांनी भाताचं शेत कसं केलं, पहिल्या वर्षी साप किती निघाले, मोठा मुलगा चेन्नईला काय शिकतो, सुनेचं आणि तिचं कशावरून पटत नाही, हे सगळं आईला ठाऊक झालं होतं. "हमारे यहाँ ओला नारळ ऐसा खवते है," आई हाताने दाखवत होती आणि बाई मान डोलावत होती. चिरंजीवांना कोयत्याने शहाळं कसं सोलतात ते कळलं होतं आणि कन्यकेला बंगालीत दहापर्यंत आकडे येत होते. बेट बघायला आम्ही पाण्याखाली गेलो होतो. बेट वर नारळ सोलत बसलं होतं.

आणि ऑफिस? ते कुठे जातंय! ऑगस्ट २०२० पासून चेन्नई ते अंदमान-निकोबारची बेटं अशी समुद्राच्या तळाशी सुमारे तेवीसशे किलोमीटरची केबल पडली आहे. इतिहासात प्रथमच भर समुद्रातलं माणूस 'नेटवर्क नव्हतं' या सबबीला मुकलं. व्हेल आणि कासवं चुकवत साहेबांचा मेल तळातळाने सरपटत आला : 'सुट्टी एंजॉय करा. फक्त तेवढी शीट बघून घ्या.' त्या रात्री मी रिसॉर्टच्या बुफेतल्या चौथ्या प्रकारच्या पनीरसमोर शीट बघत बसलो होतो. आईने माझं ताट ओढलं, त्यात साधा भात वाढला, दही घातलं, पिशवीतून मेतकूट काढलं आणि कालवून पुढे ठेवलं. शेजारच्या टेबलावर एक नाशिकचं कुटुंब होतं. त्यांनी तोंडाने काही मागितलं नाही. पण आईने डबी तिकडे सरकवली.

परतीच्या वाटेवर सेल्युलर जेल. सात पाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. हॉटेलात पहिल्या मजल्यासाठी लिफ्ट मागणारी आई, सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे म्हटल्यावर कठड्याला हात न लावता जिने चढली. वर गजांमागे रांग लागली होती. लोक आत जात, गज धरत, चेहरा दुःखी करत, फोटो निघाला की हसत बाहेर येत. मीही मोबाइल काढला होता. बाबा मात्र पावलांनी खोली मोजत होते.

"साडेतेरा बाय साडेसात फूट. एकशे एक चौरस फूट," ते म्हणाले. "आपल्या फ्लॅटमधली तिसरी बेडरूम नव्वद भरते."

मी हसलो. आई हसली नाही. ती दाराची कडी बघत होती. कडी दारापासून दूर भिंतीतल्या खोबणीत जाते. आतल्या माणसाने गजांतून कितीही हात ताणला तरी पोचू नये अशी रचना. पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन १९११ साली तरुण माणूस इथे आला, थोरला भाऊ आधीच याच तुरुंगात, आणि समोर दिसते ती दुसऱ्या पाखेची पाठ. "आपल्या बेडरूमचं दार आतून उघडतं," आई एवढंच म्हणाली. मी मोबाइल खिशात घातला. सहलीतला तो एकमेव फोटो, जो मी काढला नाही.

मग नोट. बंदराकाठी बाबांनी पाकिटातून ती तांबूस वीस रुपयांची नोट काढली, मागची बाजू वर केली आणि हात लांब करून समोर धरली. नारळाची झाडं, खाडी, पलीकडचा डोंगर, दीपगृह. नोटेवर होतं तेच समोर. बाबा बराच वेळ एक डोळा मिटून दोन्ही जुळवत राहिले.

"हे मी इतकी वर्षं वीस रुपयांत खिशात बाळगलं," ते म्हणाले, "आणि तू त्याचे तीन लाख मोजलेस."

"तुमचेच होते, बाबा."

"म्हणूनच सांगतोय. नव्या वीसच्या नोटेवर वेरूळ आहे. ते आपण अजून पाहिलेलं नाही. एस्टीने होईल."

विमानतळावर शेवटची फजिती. अंदमानातून शंख-शिंपले-प्रवाळ उचलून आणायला बंदी आहे. कन्यकेने गोळा केलेले शिंपले आजोबांनी तिच्याकडूनच समुद्राला परत करवले होते आणि तिने ते एकेकाला टाटा करत सोडले होते. तपासणीत बॅग उघडली ती माझी. मोज्यात गुंडाळलेलं प्रवाळ निघालं, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटासाठी घेतलेलं. रांगेतल्या सगळ्या मराठी माणसांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नाशिकचं कुटुंब त्यात होतं. "लहान आहे अजून," आई सुरक्षारक्षकाला म्हणाली. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

ठाण्याला पोचलो. रात्री समारोपाचा स्टेटस टाकला : 'आईबाबांना अंदमान दाखवून आणलं. जबाबदारी पार पडली.' सकाळी नऊला उठलो तेव्हा बाबा एस्टीचं वेळापत्रक घेऊन बसले होते आणि आई गॅलरीत मावशीशी फोनवर बोलत होती.

"छान झाली गं. हवा चांगली आहे तिकडची. आम्हाला काय, आम्ही कुठेही राहू. पण ह्याला म्हटलं जरा नेऊन आणू. ऑफिसात फार दमतो. आमच्यासोबत असला की निदान जेवतो तरी वेळेवर."