गवाह कोण?

भालकीत पेपर दुसऱ्याचा वाचायचा ही जुनी रीत आहे. पण बातमी दुसऱ्याच्या हातात असतानाच तिला उलटतपासणीसाठी उभं करायचं, हे फक्त आप्पा करू जाणोत.

आप्पांचा जन्म कोर्टात कारकुनी करण्यात गेला. 1948 साली निजाम गेला, 1956 साली भालकी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आली, पण आप्पांच्या घरातून कचेरीची बोली काही गेली नाही. बातमी कसलीही असो, चष्मा कपाळावर चढतो आणि प्रश्न येतो, "गवाह कोण?"

"आप्पा, शिवारात बिबट्या दिसला म्हणे."

"गवाह कोण?"

"काही नागरिकांनी पाहिल्याचे समजते, असं लिहिलंय."

"समजतं कुणाला? काही म्हंजे किती? आन् बिबट्याचं म्हननं कुटं छापलंय?"

'विश्वसनीय सूत्रांनी सांगितले' दिसलं की त्यांना चेवच येतो. "सूत्राचं नाव, बापाचं नाव, वय, धंदा, राहनार?" निधनवार्तेलाही सुटका नाही. 'सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे' हे वाचून म्हणाले, "कोन करतंय? मी तितंच होतो. तितं तर वावराच्या वाटनीवरून भांडन चालू हाय."

सीमाप्रश्न निघाला, की मग संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 कर्नाटकाला देण्याची शिफारस केली होती. आप्पांची पैज अशी, की हे दोन्ही आकडे एकाच बातमीत दाखवा, चहा माझ्याकडून. तो चहा अजून कुणाच्या नशिबी आलेला नाही. (पैज लागायच्या आधीही नव्हता.) शिवाय एक घरचं दुखणं आहेच. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर आणि शेवटी भालकी. "जागा कमी पडली का पैलं आपलंच नाव कापतेत, बगा."

22 डिसेंबर 2022 ला कर्नाटकाने बेळगावच्या अधिवेशनात ठराव केला, की एक इंचही जमीन देणार नाही. 27 ला महाराष्ट्राने नागपुरात ठरवलं, की भालकीसह 865 गावांसाठी कायदेशीर लढा देणार. दोन्ही ठराव एकमताने. आप्पांनी कन्नड आणि मराठी पेपर कट्ट्यावर शेजारी अंथरले. एकात जो हटवादी, तोच दुसऱ्यात बाणेदार.

त्याच सुमारास एका पोराच्या मोबाइलवर जळणारी बस आली. खाली लिहिलेलं, 'आत्ताच, उदगीर रोडवर.' पोरांचे आवाज चढले, दोघांनी मोटारसायकलीला किकही मारली. आप्पांनी विचारलं, "गवाह कोण?" कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी उदगीरच्या स्टँडवरच्या ओळखीच्या पानवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पानवाला म्हणाला, "भालकीची गाडी? ही काय, आत्ताच लागली. कंडक्टर माझ्याकडंच तंबाखू मळतोय." मोटारसायकली बंद झाल्या. त्या दिवशी मला हा माणूस पहिल्यांदा बरा वाटला. फार नाही, पण वाटला.

पोरं पांगल्यावर आप्पा शोएबुल्ला खानविषयी बोलले. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू पेपरचे ते संपादक. रझाकारांच्या विरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांना भररस्त्यात मारलं, हात तोडला. "सवताचं नाव घालून लिवलं त्यानं," आप्पा म्हणाले. "आन् आता सादं पानी आलं न्हाई ह्येबी सूत्रंच सांगतेत."

ठरावांच्या त्या आठवड्याचे दोन्ही भाषांतले पेपर त्यांनी जपून ठेवलेत. त्यांत भालकीच्या वतीने मंत्री बोललेत, प्रवक्ते बोललेत, सूत्रंही बोललीत. भालकीत राहणाऱ्या माणसाचं मात्र एक वाक्य नाही. तेव्हा वार्ताहर बंधूंनो, इकडे कधी आलात तर कट्ट्यावर येऊन आप्पांना अवश्य विचारा. नाव, बापाचं नाव, वय, धंदा नीट उतरवून घ्या. आणि चहाचे पैसे तुम्हीच द्या.