न बुडणाऱ्या संघमालकांस

इंडियन सुपर लीगचे समस्त संघमालक यांस,
मालवणहून एका फुटबॉलवेड्याचा साष्टांग नमस्कार.

प्रथम आपलं अभिनंदन. 2014 साली आपण लीग काढलीत आणि शेवटच्या नंबराची भीतीच पार घालवलीत. तिकडे इंग्लंडात काय कृतघ्नपणा चालतो पाहा! लीस्टर सिटीने 2016 साली विजेतेपद मिळवलं, तरी 2023 साली त्यांनाच खालच्या वर्गात ढकललं. आपल्यात असली पाषाणहृदयी माणसं नाहीत.

आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना यातलं काय कळणार म्हणा! आमच्याकडे वाडीवाडीत टेनिस बॉलचं क्रिकेट. मोठा फुटबॉल बघायचा तर पत्रादेवीचा नाका ओलांडून थेट गोव्यात फातोर्ड्याला जायचं. तिथेच आम्हाला जुनी, वाईट सवय लागली: हरणाऱ्या संघासाठी जीव टांगणीला लावण्याची.

तिथल्या चर्चिल ब्रदर्सचं उदाहरण घ्या. 2013 साली तेव्हाच्या सर्वोच्च लीगचा, म्हणजे आय-लीगचा विजेता. 2014 च्या जानेवारीत फेडरेशन चषकही जिंकला आणि त्याच हंगामात लीगमधून खाली गेला! पुढच्या वर्षी पाळी धेंपोची. पाच वेळचा राष्ट्रीय विजेता, 2008 साली एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठलेला क्लब. अकरा संघांच्या लीगमध्ये वीस सामने खेळून तो दहावा आला. त्याच्याही खाली पुण्याचा भारत एफसी होता. बुडायचं ते शेवटच्याने, असा आमचा अडाणी समज. पण भारत एफसी थेट प्रवेश घेऊन आलेला, त्याला रेलिगेशन, म्हणजे खालच्या श्रेणीत जाणं, माफ. म्हणून धेंपो खाली गेला. अकरावा वर राहिला आणि राहून त्याने काय केलं? हंगाम संपला तसा गाशा गुंडाळला.

गंमत म्हणजे धेंपोच्या मालकांचा तेव्हा आपल्या एफसी गोवातही वाटा होता. डिसेंबरात एफसी गोवा प्रशिक्षक झिकोच्या हाताखाली उपांत्य फेरीत, मे महिन्यात धेंपो खाली. एकाच घरात दोन कायदे!

धेंपोने 2016 साली द्वितीय श्रेणी जिंकून पुन्हा आय-लीग गाठली. एवढ्यात आपली लीग वर आणि आय-लीग खाली, असा बेत पुढे आला. गोव्याच्याच साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो, तिघांनीही त्या वर्षी आय-लीग सोडली. मैदानातली पडझड धेंपोने वर्षभरात भरून काढली होती. कागदावरच्या बेतानंतर आय-लीगमध्ये परतायला मात्र 2024 उजाडलं.

तळाच्या संघाचे शेवटचे सामने कसे असतात, हे आपल्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. शून्य-शून्य बरोबरी झाली तरी अनोळखी माणसाला मिठी मारायची. गोलकीपर वेळ काढू लागला की त्याच्यात देव दिसतो. दुसऱ्या मैदानावरचा निकाल मोबाइलवर बघताना हात थरथरतो. गणितात काठावर पास झालेला माणूससुद्धा गोलफरकाची वजाबाकी तोंडी करतो.

भारतीय फुटबॉलच्या 2019 च्या आराखड्यात 2024-25 पासून आपल्याकडेही रेलिगेशन येणार होतं. त्या हंगामात मोहम्मेडन स्पोर्टिंग तेरा संघांत तेरावा आला आणि जागच्या जागी राहिला. याउलट आमच्या जत्रेत दशावतारी नाटक रात्रभर चालतं. राक्षस थैमान घालतो आणि अखेरीस मरतो, म्हणून तर माणसं थंडीत जागी राहतात. उद्या राक्षसाचं काम करणाऱ्याने देवस्थान कमिटीला देणगी देऊन मरण माफ करून घेतलं, तर मध्यरात्रीच देवळासमोर शुकशुकाट होईल. मग प्रेक्षक का येत नाहीत म्हणून आपण सल्लागार नेमाल.

ही भीती आपण स्वतःहून मागणार नाही, म्हणून आपल्या वतीने आम्हीच आमच्या रामेश्वराला गाऱ्हाणं घातलं आहे: "बा देवा म्हाराजा, ह्या मालकांची टीम एकदा तरी तळाक जावं दे, शेवटच्या मॅचीत एक गोल कमी पडां दे, आणि त्यांची झोप उडां दे. तेव्हा कुठे त्यांका कळात, लोकां पैसे भरून रडाक कित्याक येतत ता!"

व्हय म्हाराजा!

आपला,
स्वस्त तिकिटावरचा एक प्रेक्षक,
मालवण