बटण एकाचं, बिल दुसऱ्याचं

वीज वाचवण्याची परीक्षा असते, तिला तीन पेपर असतात आणि शिकूनसवरून इंजिनिअर झालेली माणसं ती देतात, असं कोकणातल्या आमच्या दिघीत कुणाला सांगितलं तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग वरच्या पंख्याकडे. आमच्याकडे वीज वाचवायचं काम वर्षानुवर्षं वीज स्वतःच करत आली आहे. वारा सुटला की ती जाते, पाऊस लागला की जाते, कधी ढगांची नुसती चाहूल लागली तरी जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा विजेचे खांब असे आडवे झाले की श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या कितीतरी वाड्यांमध्ये दिवा लागायला आठवडे गेले. एवढी बचत करूनही आमच्यापैकी कुणाला साधं प्रशस्तिपत्रक मिळालं नाही.

त्यामुळे मुंबईहून भाच्याचा फोन आला, "मामा, एनर्जी मॅनेजरची परीक्षा देतोय, अभ्यासाला तुझ्याकडे येऊ का? तिकडे शांतता असते," तेव्हा मी म्हटलं, ये बाबा. शांततेची हमी देतो, विजेची देत नाही.

भाचा मुंबईत एका उंच, काचेच्या इमारतीत मेन्टेनन्सला आहे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला आणि तिथेच चिकटला. ही परीक्षा द्यायला डिप्लोमावाल्याला सहा वर्षांचा अनुभव लागतो, डिग्रीवाल्याला तीन. म्हणजे डिग्री घेतली की तीन वर्षं वाचतात. बचतीचं तत्त्व अर्जापासूनच लागू होतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडवा, तिथून मुरूड, मग आगरदांड्याला फेरीबोट धरून राजपुरीची खाडी ओलांडून तो दिघीला उतरला तो पाठीवर जाडजूड गाइडबुकं घेऊन. लोक त्या फेरीबोटीवर जंजिऱ्याचे फोटो काढतात. हा जंजिऱ्याकडे पाठ करून बॉयलरचं प्रकरण वाचत आला होता.

ही भानगड आहे केंद्र सरकारची. २००१ साली संसदेने ऊर्जा संवर्धन कायदा केला, १ मार्च २००२ पासून दिल्लीत ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सी कामाला लागलं आणि २००४ मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली. महाराष्ट्रापुरतं हे खातं पुण्याची महाऊर्जा बघते. पहिले तीन पेपर सुटले की तुम्ही एनर्जी मॅनेजर, चौथाही सुटला की एनर्जी ऑडिटर. भाच्याच्या वेळी पहिले तिन्ही पेपर दीडशे मार्कांचे, तीन-तीन तासांचे होते आणि पासापुरते निम्मे मार्क पुरत होते. चौथा पेपर पुस्तक उघडून सोडवायचा. पुस्तक उघडून द्यायची परीक्षा सोपी असते असं ज्याला वाटतं, त्याने ती कधी दिलेली नसते.

ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत भाचा आणि झोपाळ्यावर हातात पुस्तक घेऊन प्रश्न विचारायला मी, अशी आमची शाळा भरायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्तरं मागच्या पानावर छापलेली असल्यामुळे माझा दरारा कायम राहिला. दुसरा पेपर सगळा आगीचा: बॉयलर, भट्ट्या, वाफेच्या नळ्या, एक किलो कोळसा नीट जळायला हवा किती लागते. मी विचारलं, "तुमच्या इमारतीत बॉयलर आहे कुठे?" तो म्हणाला, "मामा, आमच्या इमारतीत उकळतो तो फक्त चहा." पण कायद्याला साखर कारखान्याचा मॅनेजर आणि काचेच्या इमारतीचा मॅनेजर सारखेच. नरिमन पॉइंटच्या केबिनमधला एसी दोन अंशांनी वर न्यायचा तर आधी कोळशाचं रसायन पाठ पाहिजे.

तिसरा पेपर विजेचा, आणि तो मात्र मला आवडला. त्यात पंखे आणि पंप यांचा एक नियम आहे. वेग वीस टक्क्यांनी कमी केला तर लागणारी वीज वीस टक्क्यांनी कमी होत नाही, जवळजवळ निम्मी होते. वेगाच्या घनाच्या प्रमाणात ती बदलते, म्हणून. थोडं सावकाश चाललं तर निम्मं श्रेय पदरात पडतं, हे शास्त्रात लिहून ठेवलेलं पाहून कोकणी माणसाला किती बरं वाटलं असेल, ते मुंबईकरांना कळणार नाही. त्याच पेपरात एसी येतो, आणि एसीवरून शेजारचे नाखवा आमच्या शाळेत दाखल झाले.

नाखवा आले होते मोबाइल चार्ज करायला. त्यांच्याकडची लाइट गेली होती, आमच्याकडची जायची होती. मी भाच्याला विचारत होतो, एक टन म्हणजे काय? भाचा धडाधड म्हणाला, "एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता पोटात घेतो, तेवढी चोवीस तासांत खोलीबाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. ताशी ३,०२४ किलोकॅलरी. हा टन अमेरिकन, ९०७ किलोचा."

बर्फ म्हटल्यावर नाखवांचे कान टवकारले. त्यांच्या आयुष्यातला निम्मा हिशोब डिझेलचा आणि उरलेला बर्फाचा. "मंग ता दीड टनाचा एसी सांगतंय, त्याचा काय?"

भाच्याने मोबाइलवर गुणाकार केला. "दिवसरात्र पुऱ्या ताकदीने चालला तर तेराशे साठ किलो बर्फ वितळवल्यासारखा."

"एका खोलीत?"

"एका खोलीत."

नाखवा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "आनि मासली किती ठेवतंय त्याच्यात?"

मला वाटतं, त्या सगळ्या गाइडबुकांत नसलेला पण असायला हवा असा प्रश्न हाच. दीड टन गारवा घालून त्यात ठेवायचं काय? बहुतेक वेळा उत्तर असतं: दोन माणसं, एक टीव्ही आणि अर्धवट उघडं दार.

नाखवांच्या बोटीवर असं चालत नाही. बर्फाच्या खणावरची फळी उघडी टाकून खलाशी जरा इकडेतिकडे झाला, की त्याच्या नावाने जो उद्धार होतो तो धक्क्यावर ऐकू येतो. आणि तो फक्त नाखवाच करतो असं नाही, बाकीचे खलाशीही करतात. कारण बोट परत आल्यावर विक्रीच्या पैशांतून आधी डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो आणि मग उरलेल्याचे वाटे पडतात. फळी उघडी राहिली तर प्रत्येकाच्या वाट्यातून चार पैसे वितळतात. तिथे एनर्जी मॅनेजर नेमायची गरज पडत नाही. सगळी बोटच मॅनेजर असते.

भाच्याच्या इमारतीत बरोबर उलटं आहे. इमारत एकाची, भाडेकरू दुसरे, बटण दाबणारे तिसरे. मालकाने एसीचा प्लान्ट घेताना स्वस्तातला घेतला, कारण बिल त्याला भरायचं नव्हतं. भाडेकरू कंपन्या जिन्याचे, लॉबीचे आणि लिफ्टचे पैसे स्क्वेअर फुटावर भरतात, त्यामुळे कुणी कितीही काटकसर केली तरी आकडा हलत नाही. आणि खुर्चीवर बसणाऱ्याला तर बिल असतं हेच ठाऊक नसतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला तीनशे माणसं रोज सकाळी साडेनऊला कार्ड पंच करून आत येतात.

यावर कुणी म्हणेल की संस्कार पाहिजेत. माझा संस्कारांवर विश्वास आहे, पण बिलावर जास्त आहे. आमच्या घरातलं उदाहरण देतो. भाच्याची मामी, म्हणजे आमची सौभाग्यवती, विजेच्या बाबतीत ब्युरोच्याही वरची. भाचा पाणी प्यायला उठला की ती त्याच्या टेबलावरचा दिवा घालवायची. ऊर्जा संवर्धन कायद्याचं प्रकरण त्या पोराने अर्धं अंधारात वाचलं. मीटरचे आकडे तिला पोरांच्या वाढदिवसांसारखे तोंडपाठ. पण हीच बाई पुण्याला एका लग्नाला गेली, खोली यजमानांनी घेतलेली, तर तिने गिझर सकाळपासून लावून ठेवला, एसी अठरावर नेला आणि दोन दुलया पांघरून झोपली. मी काही बोलणार तोच म्हणाली, "पैसे भरलेत ना त्यांनी?" माणूस बदलला नव्हता. बिल भरणारा बदलला होता.

दिवेआगरचे हॉटेलवाले हे फार आधी ओळखून आहेत. तिथल्या एकाने दारापाशी कार्ड घालायची खाच बसवून घेतली: कार्ड काढून पाहुणा बाहेर पडला की खोलीची वीज बंद. युक्ती झकास. पहिल्याच शनिवारी एका पाहुण्याने खोलीचं कार्ड खिशात घातलं आणि खाचेत आपलं आधार कार्ड सारून समुद्रावर निघून गेला. परतल्यावर खोली गार लागावी म्हणून. त्यानंतर खाचेत जे जे निघालं त्याची यादी हॉटेलवाला मोठ्या चवीने सांगतो: कॅन्टीनचं कार्ड, जिमचं कार्ड, पत्त्यांतला जोकर. खाऱ्या हवेने एसीच्या बाहेरच्या पेटीच्या पात्या आधीच कुरतडलेल्या असतात, त्यामुळे बिल आणखी चढतं. एकाने तर खोलीत विजेचं वेगळं मीटर लावून युनिटप्रमाणे पैसे घेतो म्हणून सांगून पाहिलं. त्या दिवशी पाहुण्यांनी खिडक्या उघडल्या आणि समुद्राच्या वाऱ्याची तारीफ केली.

सरकारलाही हे कळत नाही असं नाही. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतं, आणि म्हणून १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे खोलीतले एसी मुळात चोवीस अंशांवरच सुरू होतील असा नियम आहे. पण तो सुरू होण्यापुरता. रिमोट हाती आला की कायद्याची हद्द संपते. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्री मनोहरलाल यांनी एसीला वीस ते अठ्ठावीसच्या चौकटीत बसवायचा विचार बोलून दाखवला, तर लोकांनी जणू पंगतीतून उठवल्यासारखी ओरड केली.

जपानने वेगळ्या टोकाला हात घातला होता. २००५ च्या उन्हाळ्यात तिथे सरकारी कचेऱ्यांचे एसी अठ्ठावीस अंशांवर ठेवायचे ठरलं, आणि माणसं उकडून मरू नयेत म्हणून पंतप्रधान कोइझुमी स्वतः टाय आणि कोट काढून लोकांसमोर आले. वरच्याने कोट काढला की खालच्यांना काढता येतो. आपल्याकडे घामाच्या शहरात साहेब कोट घालतात आणि मग त्या कोटासाठी एसी लावतात, आणि शेजारी सुती पंजाबी ड्रेसमधली रिसेप्शनची मुलगी वर्षभर स्वेटर घालून बसते. तिसऱ्या पेपरात मोटर आहे, पंप आहे, कूलिंग टॉवर आहे. टायवर अवाक्षर नाही.

भाच्याने यावर एक तोडगा काढला होता, तो त्याने ओटीवर दबक्या आवाजात सांगितला. त्यांच्या एका केबिनच्या भिंतीवर सुंदर थर्मोस्टॅट आहे, आकडे निळे चमकतात, बटण दाबलं की टक् वाजतं. तो कशालाच जोडलेला नाही. साहेब येतात, वीसवर लावतात, "आता बरं वाटतंय," म्हणतात आणि कामाला लागतात. मी म्हटलं, "हे परीक्षेत लिहू नकोस." म्हणाला, "लिहीन तर दहातले दहा मिळायला हवेत."

भाचा तिन्ही पेपर पास झाला. १४ डिसेंबरला, ऊर्जा संवर्धन दिनाच्या मुहूर्तावर, कचेरीत त्याचा सत्कार ठेवला होता. भर दुपारी हॉलमधले सगळे दिवे चालू, पडदे बंद, आणि एसी इतका की व्यासपीठावरची मंडळी हात चोळत बसलेली. शाल-श्रीफळ दिलं. आजवर इतक्या सत्कारांत शालीचा खरोखर उपयोग झालेला मी तेवढा एकच पाहिला. प्रमाणपत्राला मुदत पाच वर्षांची. पुढे टिकवायचं तर उजळणीचा वर्ग करावा लागतो. पगार तूर्त तेवढाच आहे, पण कार्डावर नावाखाली एक ओळ वाढली आहे आणि त्या ओळीच्या जोरावर त्याला महिन्यातून एकदा मीटिंगमध्ये बिलाचा आकडा मोठ्याने वाचून दाखवायची परवानगी मिळाली आहे. तो म्हणतो, पहिल्या महिन्यात कुणीच ऐकलं नाही. दुसऱ्या महिन्यात त्याने आकडा डोईमागे भागून सांगितला, तर दोघांनी माना वर केल्या.

माझं मत विचाराल तर ब्युरोने लेखी पेपर खुशाल ठेवावेत, पण त्यांना जोडून एक तोंडी परीक्षा घ्यावी. उमेदवाराला एका चालू मीटिंगमध्ये पाठवावं आणि सगळ्यांच्या देखत एसी दोन अंशांनी वर न्यायला सांगावं. पास की नापास, ते पाच मिनिटांत कळेल.