सुधारित प्रशासकीय मान्यता

फराळाचे डबे तळाला गेले की महाराष्ट्रातल्या दहावीवाल्या घरांत एका प्रकल्पाची घोषणा होते. प्रकल्पाचे नाव ‘अभ्यासाचे वेळापत्रक’. कार्यक्षेत्र चिरंजीवांची खोली. खोली नसल्यास हॉलचा कोपरा. लाभार्थी चिरंजीव, श्रेय पिताश्रींचे आणि प्रकल्प फसलाच तर जबाबदारी मातोश्रींची. या वाटणीचा जीआर कुणी काढलेला नाही, पण अंमलबजावणी शंभर टक्के आहे.

यंदा हे काम आमच्या शेजारी निघाले. आधी साहित्यखरेदी. त्यासाठी पिता-पुत्र अप्पा बळवंत चौकात जाऊन आले. अपेक्षित प्रश्नसंच, सराव प्रश्नपत्रिका, एक पांढरी ड्रॉइंग शीट आणि बारा रंगांचे स्केचपेन. मग चिरंजीव फरशीवर पालथे पडून पट्टीने आखू लागले. समास वाकडा गेला, खोडरबराने कागद काळवंडला, दुसरी शीट आली. गणिताला लाल, विज्ञानाला निळा, इतिहास-भूगोलाला तपकिरी, कारण तो रंग कुणालाच नको होता. इंग्रजी पिवळ्या पेनाने लिहिले, ते ट्यूबलाइटच्या उजेडात दिसेना. ‘पहाटे ४.३० : उठणे’ या ओळीभोवती वेलबुट्टी निघाली. माथ्यावर ‘श्री’, खाली ‘लक्ष्य ९५+’. या कारागिरीत अख्खा शनिवार-रविवार गेला आणि घरात कुणी अवाक्षर काढले नाही. उलट मुलगा किती मनावर घेतोय म्हणून मध्येच सरबत आले. अभ्यास टाळण्याच्या शेकडो रीती आहेत. त्यांत सरबत मिळणारी ही एकच.

शीटचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. पुस्तकाचे पान उलटण्याआधीच अंगठ्यांचा पाऊस पडला. फक्त नागपूरच्या मावशींनी विचारले, “अरे, जेवायला अर्धाच तास?” प्रकल्पाची तांत्रिक छाननी काय ती एवढीच झाली.

ती नीट व्हायला हवी होती. शाळा आणि क्लास दोन्ही वेळापत्रकात होते, पण क्लासमधून घरी येण्याचा वेळ नव्हता. साडेसहाला क्लास सुटत होता आणि साडेसहालाच चिरंजीव घरी भूमिती करीत होते. क्लासची टेस्ट सिरीज, शाळेची पूर्वपरीक्षा, विज्ञानाची प्रयोगवही या गोष्टी जगात आहेत याचा कागदावर मागमूस नव्हता.

सोमवारी पहाटे साडेचारला गजर झाला आणि मातोश्री उठल्या. मंगळवारी पहिली सुधारणा झाली : साडेचारऐवजी सव्वापाच. गुरुवारी दुसरी : सव्वापाचऐवजी ‘सकाळी’.

आपल्याकडे याला सुधारित प्रशासकीय मान्यता म्हणतात. पाटबंधारे खात्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ साली झाली तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. सुधारित मान्यता घेत घेत आकडा हजारो कोटींत गेला. कालव्याने ज्यांना एवढी वर्षे तंगवले, त्यांच्यापुढे आमच्या चिरंजीवांचा बीजगणिताचा बॅकलॉग म्हणजे काहीच नाही.

दिल्लीनेही वेगळे काय केले? १९५१ पासून पंचवार्षिक योजना धडाक्यात निघाल्या. तिसरी १९६६ मध्ये संपली आणि चौथी सुरू व्हायला १९६९ उजाडले. मधल्या काळाला अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘योजना सुट्टी’ असे भारदस्त नाव आहे. आमच्याकडे योजना सुट्टी मावसबहिणीच्या लग्नापासून लागली आणि पूजेनंतर, हळद उतरली तरी, उठली नाही. पुढे १९७८ मध्ये जनता सरकारने सरकती योजना आणली. यंदा न जमलेले पुढे ढकलायचे, पुढचे त्याच्याही पुढे. चिरंजीवांनी हे तत्त्व न शिकताच आत्मसात केले होते. त्यांच्या रविवारच्या चौकटीत सोमवार ते शनिवार मावत होते. शेवटी केंद्राने नियोजन आयोगच गुंडाळला आणि १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आणला. चिरंजीवांनीही डिसेंबरात जुनी शीट काढून नवी चिकटवली. तिला ते वेळापत्रक म्हणू देत नाहीत. ती ‘स्ट्रॅटेजी’ आहे.

नवे वेळापत्रक केले की अभ्यास पहिल्या धड्यापासून सुरू करायचा असतो. का, ते विचारू नये. ती रीत आहे. परिणामी गणिताच्या पहिल्या भागातली ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ चिरंजीवांना झोपेतही सुटतात, आणि ‘सांख्यिकी’ हा शेवटचा धडा त्यांनी अनुक्रमणिकेतच पाहिला आहे. इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा मुखोद्गत. भारतीय परंपरा दुसऱ्या धड्यात असल्याने तिची तोंडओळख. भूगोलाच्या पुस्तकात भारताची ब्राझीलशी तुलना आहे, पण चिरंजीव पहिल्या धड्यातल्या क्षेत्रभेटीवरून अजून परतलेले नाहीत. विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा शेवटचा, दहावा धडा ‘आपत्ती व्यवस्थापन’. वेळापत्रकाच्या कुठल्याही आवृत्तीत त्याची पाळी आलेली नाही.

यात एक शास्त्रीय गंमत आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली निष्कर्ष छापले. पाठ केलेले पहिल्या तासांतच भराभर उडून जाते, मग गळतीचा वेग मंदावतो, आणि थांबून थांबून केलेली उजळणी एका बैठकीच्या घोकंपट्टीला भारी पडते. आमच्या चिरंजीवांच्या वेळापत्रकात उजळणीला शेवटच्या आठवड्यात एक चौकट होती, ‘सर्व विषय’ अशी. पण प्रकल्प पुनःपुन्हा कोसळल्यामुळे प्रत्येक विषयाच्या पहिल्या धड्याला मात्र एबिंगहाउसला हवी तशी उजळणी मिळाली, अगदी अंतर राखून. काल वाचलेले आज वही मिटून आठवायचे, आठवड्याने पुन्हा आठवायचे, एवढेच खरे तर करायचे असते. त्याला ड्रॉइंग शीट लागत नाही, त्याचा फोटो काढता येत नाही. मग ग्रुपवर टाकणार काय?

इकडे राज्य मंडळही स्वस्थ बसत नाही. २०२४ ची दहावी १ मार्चला सुरू झाली होती, २०२५ ची थेट २१ फेब्रुवारीला. ‘परीक्षा मार्चमध्ये’ या पिढीजात हिशोबावर उभे राहिलेले किती कोपरे त्या आठवड्याभराने ढासळले असतील! मंडळ दरवर्षी बजावते की शाळेला मिळालेले छापील वेळापत्रकच अंतिम, व्हॉट्सॲपवर फिरणारे ग्राह्य धरू नये. नातेवाइकांच्या ग्रुपवरच्या वेळापत्रकांनाही हे कलम लावले तर बऱ्याच मुलांची सुटका होईल. तरी मंडळ अगदीच निष्ठुर नाही. २०२३ पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून मिळतात. म्हणजे मुदतवाढीचे तत्त्व मंडळालाही मान्य आहे.

पिताश्रींचे म्हणणे, मुलात शिस्त नाही. तेच पिताश्री जानेवारीत आणलेल्या डायरीत पहाटे फिरायला जाण्याचा संकल्प लिहितात आणि फेब्रुवारीत तिच्यात दुधाचा हिशोब मांडतात. मातोश्रींचे वेळापत्रक कुठेच चिकटवलेले नाही, ते रोज पाळले जाते आणि त्यात चिरंजीवांना उठवण्याच्या तीन फेऱ्या धरलेल्या आहेत.

फेब्रुवारी तोंडावर आहे. तिसऱ्या शीटसाठी निधी मंजूर झाला आहे, स्केचपेनातला लाल संपल्याने गणित यापुढे गुलाबी राहील. आता मुलांना उपदेश करण्यात अर्थ नाही, म्हणून थेट बालभारतीलाच विनंती करतो. पुढच्या आवृत्तीत ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा धडा पहिला घ्यावा. निदान तेवढा तरी चार वेळा होईल.