रीमास्टरबुवा

डीप पर्पलची 'मेड इन जपान' तबकडी तुमच्याकडे आहे का, असं विचारलं तर साधा माणूस 'आहे' नाही तर 'नाही' म्हणतो. रीमास्टरबुवा म्हणतात, "कुठली?"

"कुठली म्हणजे?" एवढं तुमच्या तोंडून निसटलं की ती संध्याकाळ बुवांची.

हा इसम एकटा नाही. कोथरूडला आहे, पार्ल्याला आहे, नागपूरच्या धरमपेठेत आहे. न्यू जर्सीला तर घराच्या तळघरात त्याला स्वतंत्र खोली आहे आणि त्या खोलीत हवेतला दमटपणा मोजायचं यंत्रही आहे. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. बँकेतून नाही तर एखाद्या इंजिनिअरिंग कंपनीतून निवृत्त. डोक्यावरचे केस गेलेले, पण उरलेत ते तत्त्व म्हणून मानेपर्यंत वाढवलेले. अंगात लेड झेपेलिनचा टी-शर्ट, पायात कोल्हापुरी. मुंबईत काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस हे तबकड्यांचं दुकान 2016 साली बंद झालं तेव्हा यांनी घरात सुतक पाळलं होतं.

आमच्या वाट्याला आलेले बुवा कोथरूडचे. त्यांच्या कपाटात 'मेड इन जपान' नऊ वेळा आहे. साईबाबांच्या फोटोइतक्या भक्तिभावाने ते एकेक काढून दाखवतात आणि हात पुसल्याशिवाय कुणाला शिवू देत नाहीत. पहिली प्रत म्हणजे कॉलेजात असताना कुणाच्या तरी मावसभावाच्या एलपीवरून उतरवलेली टीडीके डी-90 कॅसेट. कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची. त्यामुळे 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' संपता संपता बाजू संपायची आणि गायक गिलनचा गळा खटकन बंद व्हायचा. बुवा आजही ते गाणं लागलं की शेवटी नकळत उठून उभे राहतात. सीडी उलटायची नसते हे त्यांच्या गुडघ्यांना कुणी सांगितलेलं नाही.

या तबकडीची कुळकथा बुवांच्या तोंडून ऐकावी. डीप पर्पल या बँडला लाइव्ह तबकडी काढायचीच नव्हती. आग्रह जपानी कंपनीचा. ठरलं तेसुद्धा फक्त जपानात विकायचं म्हणून. 1972 च्या ऑगस्टमध्ये 15 आणि 16 तारखेला ओसाका आणि 17 ला तोक्योचं बुदोकान, अशा तीन रात्री आठ ट्रॅकच्या यंत्रावर उतरवल्या. मुद्रणाला मार्टिन बर्च. खर्च म्हणाल तर साधारण 3,000 डॉलर. टेप ऐकल्यावर मात्र सगळ्यांचे डोळे उघडले आणि तबकडी जगभर निघाली. त्यातली बहुतेक गाणी 16 आणि 17 तारखेची. 15 ची घेतलेली एकच, 'स्मोक ऑन द वॉटर'.

"15 ऑगस्ट 1972!" इथे बुवांचा आवाज कापरा होतो. "आपल्या स्वातंत्र्याची रजतजयंती! इकडे झेंडावंदन आणि तिकडे ब्लॅकमोर!"

या योगायोगात गिटारवादक ब्लॅकमोरचा काही हात असेल असं मला वाटत नाही. पण सोसायटीतलं झेंडावंदन आटोपून, जिलबीचा पुडा घेऊन बुवा घरी आले की दर वर्षी बरोबर साडेनऊला तिसऱ्या मजल्यावरून ती गिटार सुरू होते. वहिनी खिडकी लावून घेतात.

वहिनींचा या छंदाला विरोध नाही. त्यांना फक्त हिशेब लागत नाही. 1993 साली तिन्ही रात्रींचा तीन सीडींचा संच आला, तो घेतला. 1998 साली पंचविशीनिमित्त रीमास्टर आला, सोबत तीन जादा गाणी, तो घेतला. 2014 साली तिन्ही रात्री नव्याने मिसळून मोठी पेटी आली, ती घेतली. 2025 साली स्टीव्हन विल्सनने पुन्हा मिसळून दिलं, तेही आलं. पार्सल घेताना कस्टम ड्यूटीची पावती पाहून वहिनींनी विचारलं, "अहो, त्यानंतर हे लोक पुन्हा जपानला गेले होते का?"

"गेले होते. पण हे तेव्हाचं नाही."

"म्हणजे हे त्याच तीन दिवसांचं?"

"त्याच. पण आता जास्त ऐकू येतं."

"काय जास्त ऐकू येतं?"

"टाळ्या," बुवा म्हणाले, आणि ते खरं होतं.

आता या थट्टेतून एक गोष्ट बाजूला काढून ठेवली पाहिजे, कारण पैसे तिथेच वाया जातात किंवा कारणी लागतात. रीमास्टर आणि रीमिक्स हे दोन वेगळे उद्योग आहेत. मैफलीच्या मूळ टेपवर ड्रम, बास, ऑर्गन, गळा सगळे वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. त्यांची सरमिसळ करून डाव्या-उजव्या कानाची एक अंतिम टेप होते. रीमास्टर करणारा या तयार टेपवर काम करतो: थोडी खरखर काढ, थोडा खर्ज वाढव, एकूण आवाज चढव. बास दबलेला असेल तर त्याला तो एकट्याने वर काढता येत नाही. रीमिक्स करणारा मात्र मूळ ट्रॅकपर्यंत मागे जातो आणि सगळी पंगत नव्याने बसवतो. लाइव्ह तबकडीत हा फरक मोठा असतो, कारण घाईगर्दीत मिसळलेल्या त्या जुन्या टेपांत कुणी ना कुणी खांबाआड बसलेला असतोच. वेष्टनावर मात्र दोन्हीकडे सोनेरी अक्षरं तेवढीच मोठी असतात.

आणि आवाज चढवणं हा तर स्वतंत्र रोग. 1990 नंतर सीडीवरचा आवाज दर वर्षी वाढत गेला, कारण रेडिओवर किंवा दुकानात शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं गाणं मोठं लागावं अशी प्रत्येकाची इच्छा. पण सीडीवर आवाजाला एक छत असतं, त्याच्या वर जाता येत नाही. मग हळू भाग उचलून मोठ्या भागाच्या जवळ नेऊन ठेवायचे. 'चाइल्ड इन टाइम'च्या सुरुवातीला ऑर्गन कुजबुजतो आणि काही मिनिटांनी गिलन किंचाळतो. कुजबूजच किंकाळीच्या उंचीवर नेऊन ठेवली तर किंकाळीने जायचं कुठे? पन्नास वर्षांत कपाटात पोचलेल्या कितीतरी 'नव्या' तबकड्या म्हणजे कालच्याच आमटीत घातलेलं जास्तीचं तिखट आहे.

बुवांना हे सगळं तोंडपाठ आहे. मलाही त्यांनीच शिकवलं. म्हणून पुढचा प्रसंग सांगताना जरा वाईट वाटतं.

बुवांची लेक सीए आहे, म्हणजे शंका घेण्याचे तिला पैसे मिळतात. एका रविवारी तिने बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि 'हायवे स्टार'ची सुरुवात दोनदा लावली. बुवा डोळे मिटून म्हणाले, "पहिली जुनी. जरा बसलेली. दुसरी नवी मास्टर. बघ, ड्रमभोवती हवा आहे. ऑर्गनचं लाकूड ऐकू येतं."

दोन्ही वेळा तीच सीडी होती. दुसऱ्यांदा लेकीने आवाजाचं बटण केसभर पुढे सरकवलं होतं.

घरात शांतता पसरली. स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं, "लाकूड सागाचं होतं का हो?"

बुवांनी त्यावर बरीच कारणं दिली. अ‍ॅम्प पहिल्या वेळी तापला नव्हता, खिडकी उघडी होती, सोसायटीचा पंप चालू झाल्यामुळे विजेचा दाब पडला होता. पण दोष बुवांचा नव्हताच. माणसाचा कान असाच घडलेला आहे. दोन आवाजांतला जो किंचित मोठा, तो त्याला जास्त स्वच्छ, जास्त खोल वाटतो. बुवांनी कबूल केलं नाही. फक्त त्या दिवसापासून लेक घरी असली की ते हेडफोन लावून ऐकतात.

अशा घावांची त्यांना सवय आहे. 2022 साली मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीचं बिंग फुटलं. मूळ टेपवरून थेट, डिजिटलचा स्पर्शही नाही, अशा समजुतीने लोक तिच्या तबकड्या घेत होते. काहींची किंमत सव्वाशे डॉलर. निघालं असं, की मध्ये एक डिजिटल पायरी होती आणि ती कित्येक वर्षं होती. तोवर जगभरातले कानसेन त्याच तबकड्या ऐकून 'डिजिटलमध्ये ही ऊब येतच नाही' म्हणत होते. बुवा दोन दिवस जेवले नाहीत, असं वहिनी सांगतात. बुवा म्हणतात, एकच दिवस, आणि ती एकादशी होती.

बुवांचं दुसरं दैवत म्हणजे द हूची 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स'. 14 फेब्रुवारी 1970 ला लीड्स विद्यापीठाच्या खानावळीत झालेला कार्यक्रम. पहिल्या एलपीत सहाच गाणी, आणि टेपवरच्या कडकड आवाजाला हात लावू नका, तो चालेल, अशी सूचना लेबलवरच हाताने लिहिलेली. 1995 साली गाणी सहाची चौदा झाली आणि ती कडकड संगणकाने वेचून काढली. बुवांची इथे दुहेरी कोंडी आहे. गाणी वाढली म्हणून आनंद, कडकड गेली म्हणून दुःख. म्हणून ते दोन्ही ठेवतात. 2010 साली दुसऱ्या दिवशीचा हल शहरातला कार्यक्रमही निघाला. त्यात सुरुवातीच्या काही गाण्यांचा बास मुद्रितच झाला नव्हता, म्हणून लीड्सचा बास आणून तिथे बसवला. ज्या दिवशी बुवांनी हे वाचलं त्या दिवसापासून त्यांना हलमध्ये लीड्स स्पष्ट ऐकू येतं. त्याआधी येत नव्हतं.

लाइव्ह या शब्दाचं किती खरं मानायचं, हा प्रश्न बुवांच्या दिवाणखान्यात विचारू नये. ज्युडास प्रीस्टच्या 1979 च्या 'अनलीश्ड इन द ईस्ट'मधला गळा नंतर स्टुडिओत पुन्हा गायलेला आहे. थिन लिझीच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'चा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणाला, यातलं तीन चतुर्थांश मागाहून भरलंय. इतरांनी ते साफ नाकारलं. 2023 साली त्या मैफलींच्या टेपा आठ सीडींच्या पेटीत जशाच्या तशा आल्या. पेटी विकत घेऊन बुवा महिनाभर पंचनामा करत होते. निकाल विचारला तर म्हणाले, "भावना लाइव्ह आहेत."

हे खूळ आलं कुठून, याचा शोध फार लांब घ्यावा लागत नाही. बुवांचे वडील शास्त्रीय संगीताचे वेडे. कुठल्याशा खाजगी बैठकीत भीमसेनांनी गायलेल्या तोडीची तिसऱ्या हाताने उतरवलेली टेप त्यांच्याकडे होती. तिच्यात तानपुऱ्यापेक्षा पंख्याचा आवाज मोठा. पण सवाई गंधर्व महोत्सवाच्या टेपवरच्या श्रोत्यांच्या खोकल्यावरून ते साल सांगायचे. मुलगा ओसाकातल्या शिट्टीवरून रात्र सांगतो. घराणं एकच. फरक एवढाच, की वडिलांची टेप फुकटात उतरवलेली होती आणि तिची पंचविसावी, चाळिसावी, पन्नासावी आवृत्ती कुणी काढली नाही.

न्यू जर्सीच्या शाखेकडे ग्रेटफुल डेडच्या 1972 च्या युरोप दौऱ्याची पेटी आहे. अख्खा दौरा, 22 कार्यक्रम, 73 सीडी, प्रवासी ट्रंकेच्या आकाराच्या खोक्यात. 2011 साली 7,200 प्रती काढल्या, साडेचारशे डॉलरला एक, आणि बाजारात येण्याआधीच संपल्या. कोथरूडच्या बुवांनी व्हिडिओ कॉलवर त्या ट्रंकेचं दर्शन घेतलं. किती ऐकल्या, असं मी विचारलं. "चौथी चालू आहे," तिकडून उत्तर आलं. घेऊन किती वर्षं झाली हे विचारायचं मी टाळलं.

तर मग या पुनरावृत्त्या घ्याव्यात का? माझं मत सरळ आहे. मैफलीचा आधी न आलेला भाग मिळत असेल, किंवा मूळ ट्रॅकवरून खरोखर नवं मिश्रण झालं असेल, तर घ्या. 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स'च्या सहा गाण्यांवर थांबणं हा करंटेपणा आहे. 1995 ची किंवा त्यानंतरची कुठलीही घ्या. 'मेड इन जपान'ची जुनी चांगली प्रत असेल तर तेवढी पुष्कळ. तिन्ही रात्री हव्या असतील तर 2014 ची पेटी. वेष्टनावर फक्त 'रीमास्टर', आत तीच गाणी आणि एक भित्तिपत्रक असेल, तर पैसे खिशात ठेवा. आणि तुलना करायचीच तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, बटण दुसऱ्याच्या हातात द्या.

फुकट ऐकायचं असेल तर रविवारी चारनंतर कोथरूडला या. नऊच्या नऊ आवृत्त्या ऐकवतील, वहिनी चहा देतील. जाताना मात्र काही मागू नका. बुवा तबकडी घरी नेऊ देत नाहीत.